तीन सेकंदांचा तुकडा

मुलांनो, गोष्ट सांगताना डोळे मिटा असं सगळेच म्हणतात. मी तुम्हाला कान मिटायला सांगतो. मिटा बघू. बोटं घालायची नाहीत, उशी धरायची नाही, नुसते मिटायचे. जमत नाही ना? डोळ्यांना पापण्या आहेत, तोंडाला ओठ आहेत, कानाला मात्र दार दिलेलं नाही.

आता अशी कल्पना करा की तुमच्या गावातल्या पाण्याच्या टाकीशेजारी एक खांब आहे आणि त्या खांबावर जेवणाच्या डब्याएवढं करडं खोकं बसवलं आहे. त्याला डोळे नाहीत, हातपाय नाहीत. नुसता कान आहे. ते झोपत नाही, कंटाळत नाही. गावात भांडण पेटणार असेल तर ते पेटायच्या आधी त्याला कळतं.

कसं कळतं? दूध तापत ठेवलंय आणि आई बाहेर अंगणात आहे, तरी ती धावत येते की नाही? उतू जायच्या आधी पातेल्याचा आवाज बदलतो, तो तिच्या कानानं ओळखलेला असतो. माणसांचंही तसंच असतं. दंगल, मारामारी, इतकंच काय दोन देशांची लढाईसुद्धा एकदम सुरू होत नाही. आधी बोलण्याचा सूर चढतो. वाक्यं आखूड होतात. एकाचं संपायच्या आत दुसरा बोलू लागतो. शेवटी शंभर माणसं एकच शब्द एकाच ठेक्यात म्हणू लागतात. काय बोलतात हे खोक्याला समजत नव्हतं आणि समजून घ्यायचंही नव्हतं. ते फक्त चाल ऐकायचं आणि शून्य ते शंभर असा एक आकडा द्यायचं. आकडा सत्तरच्या वर गेला की त्या भागातले फोन बंद व्हायचे, रस्त्यांवर आडवे खांब पडायचे आणि अर्ध्या तासात शांतिदलाच्या गाड्या हजर व्हायच्या.

या यंत्राचं नाव होतं कानोसा. ते वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा ते बसवलं डोंगरातल्या सीमेवर, दोन देशांच्या चौक्यांमध्ये. दोन वेळा आकडा चढला, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एकदमच कळलं, आणि दोन्ही वेळा जवान माघारी फिरले. ते जवान पुढे घरी गेले, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. म्हणून मग कानोसा शहरांत आला आणि शहरांतून गावांत आला.

एक अडचण मात्र होती. लहान मूल आधी प्रत्येक चार पायांच्या जनावराला 'भूभू' म्हणतं. ही गाय, ही म्हैस, हे कुणीतरी सांगावं लागतं. कानोशालाही लग्नातला गलका कुठला आणि मारामारीतला कुठला, हे शिकवावं लागायचं. त्यासाठी गावोगावी एकेक शिक्षिका नेमली होती. उंबरसाळ गावाची शिक्षिका होती सगुणा भरगुडे.

*

सगुणा ओढ्यापलीकडच्या माळखडीची लेक. लग्न होऊन उंबरसाळला आली, म्हणजे चालत दहा मिनिटांवर. धाकटा भाऊ दत्तू माळखडीत, नवरा सोपान आणि दहा वर्षांची जाई उंबरसाळात. या दोन गावांत निम्म्या घरांचं असंच होतं. इकडच्या लेकी तिकडं, तिकडच्या इकडं.

आणि याच दोन गावांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी धुमाळी व्हायची. ओढ्याच्या दोन्ही काठांवर दोन गावांच्या बाया उभ्या राहायच्या, मागं हलग्या कडाडायच्या आणि बाया तासभर एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहायच्या.

"अगं ए माळखडे! तुमच्यात कोंबडा आरवत न्हाय, नुसती जांभई देतो!"

"तुझ्या हातची भाकर कुत्र्यानं पळवली आन् उंबऱ्यावर परत आणून ठेवली की गं!"

"तुझ्या नवऱ्याच्या मिशा बघून माझी म्हस आटली!"

नियम एकच. पाणी ओलांडायचं नाही. पुरुषांनी दोर धरून आपापल्या बायकांना आवरायचं. ज्या मुलीनं गेल्या वर्षी माहेरच्या काठावरून शिव्या दिल्या, ती यंदा सासरच्या काठावरून स्वतःच्या आईला शिव्या घालायची आणि माय-लेकी हसून हसून खाली बसायच्या.

पण त्या गर्दीत प्रत्येक काठावर एक म्हातारी गप्प असायची. तिला 'ऐकणारी' म्हणत. ती तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायची, म्हणजे तिला शिवीही देता येऊ नये आणि हसताही येऊ नये. उंबरसाळची ऐकणारी होती धोंडूआत्या, सोपानची आत्या. एकदा मिशांची शिवी ऐकून तिची गुळणी सरपंचाच्या सदऱ्यावर उडाली होती, ती गोष्ट गाव अजून सांगत होतं.

ऐकणारीचं काम दुसऱ्या दिवशी असायचं. ज्या बाईची शिवी थट्टेतली नव्हती, तिच्या दारात जाऊन बसायचं आणि विचारायचं, "बाई, काय दुखतंय?" कुणाची म्हैस कुणाच्या मक्यात शिरलेली असायची, कुणाचा बांध सरकलेला असायचा. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या मिळून ते मिटवायच्या. त्या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या काठी उचलली गेली नव्हती, आणि त्याचं कारण कुणी कधी शोधलंही नव्हतं.

"पण आत्या, खरी शिवी वळखायची कशी?" सगुणानं एकदा विचारलं होतं.

"सोप्पं हाय. खेळातली शिवी देताना बाई समोरचीच्या डोळ्यात बघती. खरी देताना पाण्याकडं बघती."

*

ओढ्याकाठच्या टाकीशेजारी कानोसा बसल्यावरची पहिली धुमाळी. हलगी वाजली आणि पाच मिनिटांत आकडा ब्याऐंशीवर गेला. फोन मेले. वाटेवर खांब आडवे पडले. शांतिदलाच्या सहा गाड्या धुरळा उडवत आल्या, जवान ढाली घेऊन खाली उतरले, आणि समोर पाहतात तो गुलालानं माखलेल्या बाया पोट धरून हसताहेत.

"काय दाजी, वरातीला आलाव व्हय?" माळखडीच्या काठावरून एक म्हातारी ओरडली. "नवरी कुठाय?"

पथकाचे प्रमुख देशमाने साहेब भले गृहस्थ होते. तेही हसले. मग सगुणाला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, एवढ्या गाड्या मी दर वर्षी नाही आणू शकत. यंत्राचं चुकलेलं नाही, ते अडाणी आहे. त्याला शिकवा."

दुसऱ्या दिवशी सगुणाच्या टॅबवर धुमाळीचे नऊशे तुकडे आले. प्रत्येक तुकडा तीन सेकंदांचा. खाली दोन बटणं, एक 'भांडण' आणि एक 'सण'. ऐकायचं आणि दाबायचं. 'सण' दाबलं की तुकडा तिथंच पुसला जायचा. 'भांडण' दाबलं की तो कायमचा जपला जायचा आणि पुढं कुणालाही, पोलिसांनाही, मागता यायचा.

सगुणा दाबत गेली. कोंबडा, सण. भाकर, सण. मिशा, सण. तिला गंमत वाटत होती. वर्गात एकच विद्यार्थी आणि तोही हुशार.

मग माळखडीच्या पारू ननावरेचा आवाज आला. "डोहावर मोटार बसवलीत न्हवं? एक दिस त्या मोटारीसंगट बुडवू!"

सगुणाचं बोट थांबलं. उंबरसाळनं ओढ्याच्या वरच्या डोहावर पाण्याची मोठी मोटार बसवली होती आणि माळखडीच्या विहिरी उतरल्या होत्या, हे खरं होतं. शिवाय काल धुमाळीत तिनं पारूला पाहिलं होतं. पारू पाण्याकडं बघून बोलली होती.

खोक्याला ते कुठून दिसणार? त्याला नुसता कान.

'भांडण' दाबलं तर यंत्र धुमाळीचा सूर धोक्याचा म्हणून शिकेल. पुढच्या वर्षी पुन्हा गाड्या येतील, त्याच्या पुढच्या वर्षी धुमाळी बंदच होईल. मग माळखडीच्या काठावरून आपल्याला "आगं ए सगुणे, भावाच्या घरचं पिठलं चोरून नेणारे!" असं कोण म्हणणार? पारूचं काय ते आत्या बघेल की. जाईलच ती आज-उद्या.

सगुणानं 'सण' दाबलं.

प्रेमापोटी केलेली चूक फार सफाईनं होते, मुलांनो. हात थरथरत नाही.

*

नव्या धड्यानंतर त्या वर्षीचा उंबरसाळचा सरासरी आकडा आला आठ. तालुक्यात सगळ्यांत कमी. वेशीवर 'शांत गाव' अशी निळी पाटी लागली. एका खोक्यानं शिकलेला धडा सगळी खोकी शिकायची, त्यामुळं दूरदूरच्या जत्रांमधले खोटे इशारेही थांबले. सगुणाला शहरात बोलावून शाल दिली.

गुडघेदुखीनं त्या वर्षी खोळंबलेली धोंडूआत्या पाटी लागल्यावर काठी टेकत निघाली, तर तिला सरपंचानं अडवलं.

"कुठं निघालीस आत्या?"

"पलीकडं. पारूकडं."

"अगं, आठ आकडा आलाय आठ! तू पलीकडं भांडण मिटवाय गेलीस तर लोक म्हणतील की भांडण हाय. बोलाचाली वाढली की त्या खोक्याला ऐकू जाणार. मग पाटी काढतील."

"खोकं ऐकतंय ते ऐकू दे. मला त्या बाईचं ऐकाय पायजे."

"आता सरकार ऐकतंय की. बस निवांत."

सगुणा दारातून हे बघत होती. बोलावंसं वाटलं, पण शालीची घडी अजून मोडली नव्हती. ती आत वळली.

पुढच्या पंचमीला धोंडूआत्यानं तोंडात पाणी धरलं नाही. "ऐकून सांगू कुणाला?" म्हणाली, आणि घरातच बसली. तिला कुणी बोलवायलाही आलं नाही.

*

तिसऱ्या वर्षी चैत्रात, भर दुपारी, माळखडीची तीसेक माणसं मोटार काढायला डोहावर आली. त्यांच्या चार विहिरी कोरड्या पडल्या होत्या. पुढं दत्तू होता. उंबरसाळची माणसं धावली, त्यांत सोपान होता. बाया दोन्ही काठांवर जमल्या आणि ओरडू लागल्या. तेच काठ, त्याच बाया, तेच चढलेले गळे. हलगी तेवढी नव्हती.

सगुणा पोचली तेव्हा पुरुष कमरेएवढ्या पाण्यात होते. दोर धरणारं कुणी नव्हतं.

तिनं टॅब पाहिला. आकडा अकरा. हिरवा. वर तोरणाचं चित्र.

तिनं पोलिसांचा नंबर लावला. कानोसा आल्यापासून असे फोन आधी कानोशाकडंच वळायचे. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "आपल्या गावात सण साजरा होत आहे. कानोसा परिवाराकडून हार्दिक शुभेच्छा."

"अहो सण न्हाय! माणसं मरत्यात हितं!" ती किंचाळली.

"शुभेच्छा," आवाज म्हणाला, आणि फोन कटला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा शुभेच्छा. गर्दीत तिला दत्तूचा पांढरा सदरा दिसला, मग दिसेनासा झाला. कुणीतरी "आक्का!" म्हणाल्यासारखं वाटलं. तिला आक्का म्हणणारा एकच होता.

गलका थांबला तेव्हा सगळे एकदम थांबले. पाण्यात दत्तू पालथा तरंगत होता.

*

पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं : झटापटीत पाय घसरून बुडाला. पन्नास माणसं पाण्यात होती आणि पन्नासही जणांना काही दिसलं नव्हतं.

दत्तूची बायको सुलभा माळखडीच्या घरात दोन पोरं घेऊन बसली होती. सगुणा भेटायला गेली, तर दार लावून घेतलं. आतून सुलभा एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमचं गाव आलंय का तुम्ही आलाय?" ती परत फिरली.

सोपान घरात भिंतीला टेकून बसलेला असायचा. जेवायचा नाही, कामाला जायचा नाही. सगुणाला वाटलं, मेव्हण्याचं दुःख आहे.

पाचव्या दिवशी देशमाने साहेब आले. या वेळी हसत नव्हते. चहाला नको म्हणाले.

"ताई, खोकं आवाज दहा दिवस पोटात ठेवतं, मग आपोआप पुसतं. त्या दिवसाचे चारशे बारा तुकडे तुमच्या टॅबवर टाकलेत. नियमाप्रमाणं ते तुम्हीच ऐकायचे आणि तुम्हीच ठरवायचं."

"ठरवायचं काय त्यात? माझा भाऊ गेलाय."

साहेबांनी चष्मा पुसला. "पुढच्या महिन्यात सीमेचा करार आहे. दोन्ही देश आपापल्या तोफा मागं नेणार, कानोशाच्या भरवशावर. यंत्राच्या नाकाखाली भांडण होऊन माणूस मेला आणि ते सण म्हणालं, हे कागदावर आलं तर करार मोडेल. मी काही अमुकच बटण दाबा म्हणत नाही. कान तुमचा आहे."

मग तिनं विचारलं, "साहेब, त्या सीमेवरच्या खोक्यालाबी माझाच धडा दिलाय का?"

"सगळ्यांना एकच धडा असतो, ताई."

"म्हंजी तिथं नदीच्या दोन्ही काठाला जवान उभं राहून वराडले, तर ते खोकं त्याला सणच म्हणंल?"

साहेब उठले. "गेल्या आठवड्यात एका खिंडीत असं झालं. आकडा चौदा आला. नंतर लोक आपणहून पांगले." दारापाशी थांबून ते म्हणाले, "करार झाला की आम्ही गुपचूप दुरुस्ती करू."

"आन् करार व्हायच्या आत तिथं न्हाय पांगले तर?"

साहेबांनी चपला घातल्या.

*

चार दिवस सगुणानं टॅबला हात लावला नाही. नवव्या दिवशी दुपारी तिनं तो मांडीवर घेतला. जाई उंबऱ्यापाशी शाळेचा अभ्यास करत बसली होती. भावासाठी काय करायचं ते सगुणानं ठरवून टाकलं होतं : चारशे बारा वेळा 'भांडण'. करार मोडला तर मोडला, नोकरी गेली तर गेली, धुमाळी बंद झाली तर झाली. खोक्याचा कान तरी सुधारेल. सीमेवरच्या कुणाची तरी आक्का वाचेल.

ती ऐकत गेली आणि दाबत गेली. पारूचा आवाज. भांडण. स्वतःची किंकाळी. भांडण. "आक्का!" हे तिला भास वाटलं होतं. तो भास नव्हता. तिनं तो तुकडा तीनदा ऐकला, पदर तोंडात कोंबला आणि दाबलं. भांडण.

मग शेवटचा तुकडा आला. पाण्याची खळखळ, धापा, आणि अगदी जवळून, स्वच्छ :

"वर येऊ देऊ नका त्याला!"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला. चौदा वर्षं हाच आवाज तिला सकाळी चहा मागत होता.

"किती ऱ्हायलं?" सोपाननं भिंतीपासून विचारलं. इतक्या दिवसांतलं त्याचं पहिलं बोलणं.

"ह्यो एक."

तो खाली बघत म्हणाला, "सगुणे, मी तसं म्हणायचं म्हणून न्हाय म्हणलो. तोंडातून गेलं."

"धुमाळीत जातंय तसं?"

"मी हात लावला न्हाय त्याला. आईशप्पथ. मी नुसतं म्हणलो."

"आन् ज्यांनी हात लावला त्यांनी कुणाचं ऐकून लावला?"

सोपाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला न्हेतील. न्हिऊ देत, मी जातो. पर पोरीचा विचार कर. उद्या शाळंत तिला काय म्हणतील? खुन्याची? आन् तू? हितं सासरी ऱ्हाशील का माहेरी जाशील? सुलभा दार उघडंल तुला?"

सगुणाचं बोट 'भांडण'वर होतं. एक दाबलं की भावाला न्याय. तेच दाबलं की घर मोडलं. तिनं सुलभाचं बंद दार आठवलं. मग सोपानकडं पाहिलं. तो नऊ दिवसांत अर्धा झाला होता, आणि तिला त्याची कीव आली, त्या कीवेचा राग आला, आणि रागानं काहीच सुचेना. चारशे अकरा तुकडे आपण भांडण म्हटलेतच की, तिनं स्वतःला समजावलं. भांडण होतं हे जगाला कळेल. खोकं शिकेल. भाऊ तर काही परत येत नाही. हा एवढा एक तुकडा नसला म्हणून काय बिघडतं? एवढासा. तीन सेकंदांचा.

तिनं 'सण' दाबलं.

तोरणाचं चित्र आलं. "धन्यवाद. तुकडा पुसला आहे."

सोपान रडू लागला. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं टॅब पालथा ठेवला आणि वळून पाहिलं. जाई उंबऱ्यात तशीच बसली होती. वही उघडी होती. पान मघापासूनचं तेच होतं.

"जाई, काय करतीस गं?"

"पाढे," जाई म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माळखडीच्या काठावर दत्तूचा दहावा होता. उंबरसाळच्या कुणी यायचं नाही, असा निरोप आला होता. सगुणा अलीकडच्या काठावर करंजाखाली लांब उभी राहिली. बहिणीला एवढीच जागा उरली होती. देशमाने साहेबांनी सकाळीच टॅब नेला होता. चारशे अकरा भांडणं बघून त्यांचा चेहरा पडला. गाडीत बसताना फक्त म्हणाले, "हे वरच्या लोकांना दाखवेन. पुढं पाठवायचे की नाही, ते ठरवतील."

म्हणजे खोकं काही शिकेल याचीही खात्री नव्हती. तिनं भावाचा एकच साक्षीदार पुसला होता आणि बदल्यात हातात काहीच आलं नव्हतं.

पलीकडं पिंड ठेवलं. सगळे मागं सरले. करंजाच्या शेंड्यावर दोन कावळे बसले होते, पण खाली येईनात. तुम्हाला माहीत असेल, कावळा शिवला नाही की मेलेल्या माणसाचं काहीतरी मागं राहिलं, असं आपल्याकडं धरतात, आणि मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो.

दत्तूचा चुलता म्हणाला, "पोरांची शाळा करू रं दत्तू." कावळे हलले नाहीत.

कुणी म्हणालं, "विहीर खोल करू." नाही.

सुलभा हात जोडून म्हणाली, "काय ऱ्हायलं असंल तर सांगा हो. मला कसं कळणार?"

एवढ्यात पाण्यात चुबुक चुबुक आवाज झाला. सगुणानं वळून बघितलं. शाळेचा निळा झगा गुडघ्यापर्यंत उचलून जाई ओढ्यातून पलीकडं चालली होती.

"जाई!" सगुणा ओरडली. "माघारी ये! जाई!"

जाईनं मागं वळून पाहिलं नाही. माळखडीची माणसं तिला अडवायला पुढं झाली, पण एवढ्याशा पोरीला धरायचं कसं ते कुणालाच कळेना आणि त्यांनी वाट दिली. खांबावरच्या खोक्यात त्या वेळी कदाचित एखादा आकडा उमटला असेल. तो पाहायला टॅब कुणाकडं नव्हता.

जाई मामीसमोर जाऊन उभी राहिली. झग्यातून पाणी गळत होतं. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि ते पुसलेलं वाक्य म्हटलं, पाण्याची खळखळ आणि धापासुद्धा न सोडता, मोठ्या माणसाच्या आवाजात, अगदी जसंच्या तसं.

सुलभा तिच्याकडं बघतच राहिली.

मग कुणी विचारायच्या आधी, आपल्या रोजच्या बारीक आवाजात, जाईनं ते कोण म्हणालं त्याचं नाव सांगितलं.